अंगठा उमटेना

मोडशिंगीने लाथ झाडली ती बादलीला लागली आणि मोठीआईच्या अब्रूलाही. बादलीतलं दूध गोठ्याच्या फरशीवरून मोरीकडे निघालं आणि नेमकी त्याच वेळी सून दारात उभी होती.

"बघतेस काय? खराटा आण," मोठीआई म्हणाली.

"लागलं का हो, आई?"

"मला काय विचारतेस? बादलीला विचार."

बत्तीस वर्षं मोठीआई त्या गोठ्यात धार काढत होती. डेअरीवरचा काटेवाला इतरांच्या कॅनमध्ये मापाची नळी दोनदा बुडवायचा, तिच्या कॅनमध्ये एकदाच. ते तिच्या दुधावरच्या विश्वासाने, आणि थोडं तिच्या जिभेच्या धाकानेही. कुणीतरी एकदा थट्टेत म्हणालं होतं, मोठीआई, आज दूध पातळ दिसतं. तिने तिथेच कॅन उपडा केला होता आणि त्या माणसाला पुढचे सहा महिने चहा कोरा प्यावा लागला होता.

चार गायी होत्या. शिंग मोडलेली मोडशिंगी सगळ्यांत दुधाळ आणि सगळ्यांत नखरेल. मोठीआईचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. आता त्याच हाताला ती लाथ मारत होती, कारण हात पहिला राहिला नव्हता. तळव्यांची कातडी लाल होऊन सोलवटत होती. बोटांच्या पेरांना भेगा होत्या. सड मुठीत धरला की मोठीआईच्या डोळ्यांपुढे चमकायचं, मूठ मध्येच सैल पडायची आणि मग एकदम आवळायची. असला धसमुसळेपणा कुठली गाय चालवून घेईल?

सून खराटा घेऊन आली. "आई, तळवे दाखवा बरं."

"का? भविष्य सांगणार आहेस?"

"दवाखान्याच्या त्या वहीत लिहायला सांगितलंय ना त्यांनी. काही त्रास झाला तर."

"त्रास झाला तर. झालाय कुठे?" मोठीआईने शाल ओढून हात आत घेतले. "चल, आवर. आज जायचंय."

त्या दिवशी दवाखान्याची पाळी होती. दर तीन आठवड्यांनी यायची.

हे सगळं सुरू झालं ते तिच्याच बोटांमुळे. कासेत गाठ धरली की ती इतरांच्या आधी तिच्या बोटांना कळायची. गावातले लोक मुद्दाम तिला बोलवायचे, मोठीआई, जरा आमच्या गायीची कास बघून जा. अंघोळ करताना एकदा तिचा हात स्वतःच्या छातीवर थांबला. तिने दाबून पाहिलं, बाजूने पाहिलं, आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "मला दवाखान्यात न्या. शेकून जाणारी गाठ नाही ही."

मोठ्या दवाखान्यात कापून झालं, सलाइनी झाल्या. तरी आजार काखेतून पुढे सरकलाच. तेव्हा डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलं. डॉक्टर तरुण होता, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्याने सांगितलं की एक जुनी गोळी आहे आणि एक नवी. काही बायकांना जुनी, काहींना नवी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार.

"आणि तुम्ही काय करणार?"

"आम्ही बघणार, कुठली जास्त चालते."

"मला कुठली दिलीय ते तुम्हाला माहीत असणार."

"नाही. मलाही नाही सांगत."

मोठीआई खुर्चीत पुढे सरकली. डॉक्टरला ठाऊक नाही आणि तो ते तोंडाने कबूल करतोय, हे तिला फार आवडलं. "का नाही सांगत?"

"मला माहीत असलं तर माझं मन नव्या गोळीकडे झुकेल. नसलेला फरकही दिसेल मला."

मोठीआई हसली. "मी केलंय हे," ती म्हणाली. "नवी पेंड आली होती बाजारात. दुकानदार म्हणे, दूध दुप्पट. मी दोघींना नवी घातली, दोघींना जुनी. पंधरा दिवस भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या. पण धार मीच काढत होते आणि पेंड मीच घालत होते. नव्या पेंडीच्या गायीला मी जरा जास्तच पिळत असणार. धार सुनेला काढायला लावायला हवी होती, तिला काही न सांगता."

डॉक्टरने चष्मा वर सारला. "एवढं चांगलं मलाही समजावून सांगता येत नाही."

"मग माझ्याकडून शिकून घ्या. पैसे घेत नाही मी."

सोळा पानांच्या कागदावर तिने सही केली. शाळेत दोन वर्षं गेली होती, तेवढी अक्षरं तिने जन्मभर जपली होती. अंगठा द्यायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती. पण बसभाड्याचे पैसे देणाऱ्या खिडकीवरच्या मशीनला मात्र अंगठाच लागायचा. "मला सही येते," ती तणतणली होती. खिडकीतला कारकून म्हणाला होता, "मशीनला वाचता येत नाही, मोठीआई." मग तिने दिला.

गोळ्या फुकट, तपासण्या फुकट. फुकट नव्हतं ते बाकी सगळं. पहाटेची धार उरकून दुधाच्या टेम्पोतून सडकेपर्यंत, तिथून दोन बस. सोबत मुलगा, कारण रक्त काढल्यावर तिला भोवळ यायची. मुलगा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. वखारीचा मालक म्हणाला होता, महिन्याला एक खाडा चालेल, दुसऱ्याला दुसरा माणूस उभा करीन. संध्याकाळी घरी पोचायला उशीर झाला की मोडशिंगी हंबरून हंबरून दमलेली असायची. गेल्या पाळीला तिची कास दगडासारखी झाली होती आणि सुनेने हात लावला तर तिने दावं तोडलं होतं. तेव्हापासून तिचं दूध रोज थोडं थोडं उतरत होतं.

हे सगळं मोठीआईला डोळ्यांनी दिसत होतं. म्हणूनच ती वहीत लिहीत नव्हती. दवाखान्यातून एक वही दिली होती, रोज भरायची. मळमळ, जुलाब, तोंड येणं, हातापायाची आग. प्रत्येकापुढे चौकोन. मोठीआई प्रत्येक चौकोनात वळणदार अक्षरात एकच शब्द लिहायची: नाही. गाय विकायला काढली आणि गिऱ्हाईक दारात आलं की तिची खोड कुणी सांगतं का? खोड कळली की गिऱ्हाईक जातं. आपल्या हातांचं कळलं की आपल्याला काढून टाकतील, गोळ्या बंद होतील. झालेला खर्च पाण्यात आणि आजार मोकाट. असा तिचा साधा हिशेब होता.

टेम्पोत बसल्यावर मुलगा म्हणाला, "मालकाने काल विचारलं, किती दिवस चालणार हे."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, आईलाच विचारा."

"शहाणा आहेस. येऊ दे त्याला."

मुलगा हसला. पण त्याने तिच्या शालीकडे एकदा पाहिलं. ऐन उन्हाळ्यात शाल कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. आईला काय विचारायचं आणि काय नाही, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

दवाखान्यातल्या लांबलचक बाकावर ट्रायलच्या इतर बायका बसल्या होत्या. मोठीआईला तिथे बसायला आवडायचं. मागच्या खेपेला तिने शेजारच्या शिंपीणबाईची गोळी हातात घेऊन वास घेतला होता, जिभेला लावून पाहिली होती आणि आपल्या गोळीशी ताडून पाहिली होती. रंग तोच, चव तीच. "पक्के लबाड आहेत," ती कौतुकाने म्हणाली होती. ट्रायलच्या वह्या तपासणाऱ्या बाईने, तिला सगळ्या वहीवालीच म्हणायच्या, तेव्हा दोघींनाही झापलं होतं.

आज शिंपीणबाई नव्हती.

"आली नाही का ती?" मोठीआईने विचारलं.

"सोडलं तिने," पलीकडची बाई म्हणाली. "दुकान बंद ठेवून किती दिवस येणार? गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. शिवाय हात एवढे दुखायचे की सुई धरता येईना."

मोठीआईने शालीतले हात आणखी आत घेतले. "तिने सांगितलं का इथे? हातांचं?"

"काय माहीत. मला सांगितलं."

भाड्याचे पैसे आधी मिळायचे, म्हणून मुलगा तिला खिडकीशी घेऊन गेला. कारकुनाने बसची तिकिटं घेतली. "सडकेपर्यंत कशाने आलात?"

"दुधाच्या टेम्पोने."

"त्याचं तिकीट?"

"दुधाला कुणी तिकीट देतं का?" मोठीआई म्हणाली. "मी कॅनच्या शेजारी बसते. पुढच्या वेळी कॅनमध्ये बसते, मग मापाची पावती मिळेल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. "अंगठा ठेवा."

तिने ठेवला. मशीन लाल झालं.

"पुसून ठेवा."

तिने शालीला पुसला. लाल.

"दुसरा ठेवा. जोर द्या जरा."

जोर दिला तशी भेग उलली. काचेवर रक्ताचा ठिपका उमटला, पण अंगठा उमटेना. कारकुनाने मान वर केली. "मोठीआई, हा अंगठा तुमचाच आहे ना?"

एरवी असल्या प्रश्नाला तिने तिथल्या तिथे असं उत्तर दिलं असतं की खिडकी आठवडाभर बंद राहिली असती. पण ती स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. तो उजेडात धरला. उलटसुलट केला. त्याच्यावर एक रेघ नव्हती. गुळगुळीत, लाल, सोललेल्या टोमॅटोसारखा. रेघा गेल्या कुठे? तिला राग यायच्या आधी नवल वाटलं. जन्मापासूनची गोष्ट अंगावरून पुसली गेली आणि आपल्याला पत्ता नाही.

"आई," मुलगा म्हणाला. त्याने पहिल्यांदाच तिचे तळवे पाहिले होते. तो रांगेतून बाहेर पडला आणि वहीवालीला शोधायला गेला.

वहीवालीने तिला खोलीत नेलं. तळवे उघडे केले, चपला काढायला लावून तळपाय पाहिले, आणि वही उघडून पानामागून पान उलटलं. नाही, नाही, नाही.

"मोठीआई, हे काय आहे?"

"माझं अक्षर आहे. चांगलं आहे ना?"

"किती दिवस झाले?"

मोठीआई चपला पायात सारू लागली.

डॉक्टर आला. त्याने तळवे पाहिले आणि चष्मा घसरू दिला. "आठवडाभर गोळ्या बंद," तो म्हणाला. "मग कमी मात्रेत सुरू करू."

"म्हणजे काढून टाकणार नाही?"

"यासाठी कशाला काढू? हे होतं. बऱ्याच जणींना होतं."

"जुन्या गोळीने की नव्या?"

"दोन्हींनी."

"मग माझे हात बघून तुम्हाला काय कळलं?"

"तुमच्या एकटीच्या हातांवरून काहीच नाही. साडेसहाशे बायका आहेत. कुणाला किती दिवसांनी झालं, किती झालं, हे सगळ्यांचं एकत्र केलं की कळतं, किती मात्रा सोसते. सगळ्यांनी तुमच्यासारखं लिहिलं तर आम्ही म्हणू, या गोळीने हाताला काही होत नाही. मग उद्या ही गोळी याच मात्रेत एखाद्या बाईच्या घरी जाईल. तिला ट्रायल नाही, वही नाही, मी नाही."

मोठीआईच्या डोळ्यांसमोर शिंपीणबाई आली. सुई धरता न येणारी.

बत्तीस वर्षं एका थेंबाची भेसळ केली नव्हती. आणि इथे, स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, साडेसहाशे बायकांच्या कॅनमध्ये तिने पाणी ओतलं होतं.

"ती वही इकडे द्या," ती म्हणाली. मग तळव्यांकडे पाहून म्हणाली, "नाही, तुम्हीच लिहा. मी सांगते."

"आठवेल तुम्हाला? नऊ आठवडे आहेत."

"आमची काळी गाय व्यायली ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी हाताची आग सुरू झाली. गरम पाणी लागल्यासारखी. कधी व्यायली ते डेअरीत लिहिलेलं आहे, चिकाचं दूध तिथे घालत नाही आम्ही, म्हणून कळवावं लागतं. फोन करून तारीख घ्या."

वहीवालीने खरंच फोन लावला. तारीख मिळाली.

"पुढे?"

"गुरांचा डॉक्टर लस टोचायला आला त्या दिवशी डाव्या अंगठ्याची कातडी निघाली. पापुद्र्यासारखी. दुखलं नाही. दुखायला लागलं ते पेंडीची नवी पोती उतरवली तेव्हापासून. गोणपाट हाताला लागलं की आई आठवायची. तोंड आलं होतं चार दिवस, वासराचं दावं बदललं तेव्हा. पायांना भेगा पडल्या ते मात्र नक्की सांगता येत नाही. खोटं नाही सांगणार. लिहा, नक्की आठवत नाही."

दाराशी उभा मुलगा ऐकत होता. आई एवढं दुखणं सांगते आहे, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. वहीवाली चौकोनामागून चौकोन भरत होती, जुन्या शब्दावर एक रेघ, शेजारी नवा शब्द आणि आजची तारीख. खोडलेलं वाचता यायला हवं, असा नियम होता. मोठीआईला तोही पटला. चूक झाकायची नाही, शेजारी खरं लिहायचं.

मग वहीवालीने सांगितलं की आता मात्रा बदलली, म्हणून सहा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला यावं लागेल.

मुलाने बाहेर कुठेतरी पाहिलं. दर आठवड्याला म्हणजे महिन्याला चार खाडे. करवतीवर दुसरा माणूस. सगळ्यांनाच ते कळलं.

"रक्तात काय बघता?" मोठीआईने विचारलं.

"पेशी मोजतो."

"आमच्या गावाजवळ सरकारी दवाखाना आहे. तासाभराच्या वाटेवर. तिथेही मोजतात. तिथलं रक्त आणि इथलं रक्त वेगळं असतं का?"

वहीवालीने नियमांचा कागद पाहिला. "नियमात इथलंच म्हटलंय," ती सावकाश म्हणाली.

"नियम कुणी केला?"

"वरच्यांनी."

"त्यांना विचारलंय कुणी?"

"अजून तरी नाही विचारलं."

"मग विचारा. नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा. मला ऐकायचंय."

गोळ्या बंद असलेला तो आठवडा घरी अवघड गेला. मोठीआईच्या हातांना मलम आणि सुती मोजे. धार सुनेकडे. बाकीच्या तिघी गायींनी कुरकुर केली नाही, पण मोडशिंगी सुनेची चाहूल लागताच पाय आपटायची. पहिले दोन दिवस तिने पान्हा चोरला. तिसऱ्या दिवशी मोठीआई गोठ्यात येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"अंगठा आत दुमडू नकोस. ओढू नकोस, दाब. वरून खाली. नखं काढ आधी, चाकू लावतेस की काय तिला."

"आई, तुम्ही बोलू नका ना. तुमचा आवाज आला की मीच पान्हा चोरते."

असं मोठीआईला घरात कुणी बोललं नव्हतं. ती गायीच्या पुढे गेली. मोजा घातलेल्या हाताने बोटं चालेनात, म्हणून कोपराने तिची मान खाजवू लागली, मोडक्या शिंगाच्या बुडाशी. मोडशिंगीने मान लांब केली. मागे बादलीत पहिली चिळकांडी वाजली. मग दुसरी. लय अजून बसली नव्हती, मध्येच अडत होती. दूध रोजच्या निम्म्याहून थोडं वर भरलं.

"कमी आहे," सून म्हणाली.

मोठीआईने बादलीत पाहिलं. "फेस बरा आहे," ती म्हणाली. एवढं कौतुक सुनेला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि दोघींनीही ते लक्षात आलं नसल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात मोठीआई एकटीच दवाखान्यात गेली. मुलगा वखारीत. भोवळ आली तर बाकावर आडवी होईन म्हणाली, बाक माझ्या बापाचा नसला तरी लांब आहे.

वहीवालीने तिला पाहताच हातातले कागद वर केले. "उत्तर आलं. दर आठवड्याचं रक्त तुमच्या तिथे चालेल. फक्त कागदावर त्यांचा शिक्का हवा. दर तिसऱ्या आठवड्याला मात्र इथे यावंच लागेल. आणि सगळ्याच बायकांना तशी सोय देणार आहेत, लांबून येणाऱ्यांना."

"शिंपीणबाईला सांगा."

"तिने सोडलंय, मोठीआई. आता परत नाही घेता येत."

"का?"

वहीवालीने कारण सांगितलं, मध्ये गोळ्या तुटल्या की तिचा हिशेब इतरांशी जुळत नाही. मोठीआईने नीट ऐकलं, दोनदा मध्ये थांबवलं. कारण तिला कळलं, पटलं नाही, आणि तसं तिने सांगितलंही.

तळवे तपासून झाले. नवी कातडी धरत होती. नवी डबी मिळाली, नवी वही मिळाली. नव्या मात्रेच्या कागदावर सही करायची होती. मोठीआईने पेन बोटांत अडकवलं आणि थांबली.

"हे सगळं संपणार कधी?"

"तुमचं?"

"माझं नाही. माझं मला कळेल. तुमचं. कुठली गोळी बरी, ते कधी कळणार?"

"चार वर्षं तरी."

"मग मला कोण सांगणार?"

वहीवालीने कागद चाळले. सोळा पानं पुन्हा उलटली. "छापून येईल," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या मासिकात."

"ते आमच्याकडे टेम्पोने येतं का?"

वहीवाली ओशाळली. "असा रकानाच नाही यात."

"समास आहे ना मोकळा? लिहा."

वहीवालीने लिहिलं आणि कागद फिरवून तिच्यापुढे धरला. मोठीआईने बोट ठेवत एक एक अक्षर लावलं. 'रुग्ण हयात असल्यास निकाल कळवावा.'

"हयात म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही असाल तर."

"तेवढं खोडा."

"मोठीआई—"

"खोडा. खोडलेलं वाचता आलं तरी चालेल मला. असले तरी सांगायचं, नसले तरी सांगायचं. एवढं सगळं घर कामाला लावलंय, त्यांना नको का कळायला?"

वहीवालीने त्या दोन शब्दांवर रेघ मारली. शेजारी तारीख घातली. मोठीआईने सावकाश, दात आवळून सही केली, वळण बिघडलं तसं नाक मुरडलं, आणि शाल झटकून उठली. दाराशी जाऊन ती वळली.

"पत्ता नीट लिहा. आणि जो कोणी निकाल घेऊन येईल त्याला म्हणावं, दार लावलेलं दिसलं तर परत फिरू नकोस. मागे गोठ्यात जा. सकाळी आलास तर सून धारेला बसलेली असेल. मध्ये बोलायचं नाही. थांबायचं."